काट्यावरचा ऱ्ह

जिनिंगच्या काट्यापाशी, पत्र्याच्या खोलीत
एक काळी खिडकी उघडी असते रात्रंदिवस.
टर्मिनल.
आत हिरवी अक्षरं,
बाहेर कापसाच्या गाड्या, पार फाट्यापर्यंत.
ही खिडकी मी सांभाळते.
म्हणजे कुणा दूरच्यांनी लिहिलेल्या तिच्या कोडात
संध्याकाळी हात घालते,
चहावर साय धरेपर्यंत.

तक्रार शालिकभाऊंची.
शालिक मेश्राम, काट्यावर एकवीस वर्षं,
चष्मा कपाळावर, बोट एन्टरवर.
'पोरी, हे पाय. मी लिवतो वऱ्हाड,
हा दाखवते वर हाड.
वरतं हाड, मंग खालतं काय?
गाडीवाले वाकून वाचतेत न हासतेत ना बाप्पा.'

खोटं नव्हतं.
टर्मिनलला वाटतं
सगळी अक्षरं सारख्याच अंगाची.
फुली मारलेल्या वावरासारखा त्याचा पडदा,
एका फुलीवर एकच बी.
पण ऱ्ह दोन फुल्यांच्या मधे सांडतो,
त्याचा तो बारका विळा धुऱ्यावर लटकतो,
मग तो ना इकडच्या चौकोनाचा, ना तिकडच्या.
(धुऱ्यावर, हाही शब्द
लिहून पाहिला. तोही फुटला.)

कॉन्फिगची फाइल उघडली.
आधीच्या कुणीतरी लिहून ठेवलेलं:
घंटी बंद. पुढे कारणही, कुत्रं उठते.
मागच्या ओळी लक्षात ठेवायच्या, दोनशे.
मी दहा हजार केल्या.
'इतकं कायले पायजे? मले कालचं राहत नाही ध्यानात.'
म्हटलं, परवाच्या वजनावरून आज कोणी भांडायला आला तर?
'मंग राहू दे.'

तीन फाँट बदलले.
एकात विळा दिसला, पण आठ आणि शून्य
जुळ्या भावांसारखे.
काट्यावर ते चालत नाही.

शेवटी सापडली ती जागा,
अक्षराची रुंदी मोजणारी, जुनी, बिनबोभाट.
ऱ, पाय मोडलेला. मग ह. मग काना.
ती एकेक सुटं मोजत होती.
आम्ही मात्र एका श्वासात वाचतो.
अकरा ओळी लिहिल्या:
आधी घोळका कर, मग माप घे.
चालवून पाहिलं,
वऱ्हाड अख्खं आलं, मांडवात यावं तसं.

आणि त्याच ओळीत
सुमन पेंदोरच्या गाडीचं निव्वळ वजन,
अठरा क्विंटल चाळीस,
पडद्यावर आठ क्विंटल चाळीस.
समोरचा एक गेला.
एका चौकोनात दहा क्विंटल कापूस!
सुमनबाई ओरडल्या नाहीत.
त्यांनी नुसतं गाडीकडे बोट केलं,
मग पडद्याकडे,
मग माझ्याकडे.

सगळं उलटं फिरवलं. वर हाड परत आलं.
शालिकभाऊंनी खडूनं दारावर १८.४० लिहिलं
आणि मला म्हणाले, 'जेवून घे.'

जेवले नाही.
रात्री दीडला दिसलं:
नव्या मापानं मी लिहीत होते
आणि जुन्या मापानं पुसत होते.
एवढंच.
शेजारच्या घरातला एक
माझ्याच फडक्याखाली गेला होता.

दुरुस्तीच्या वहीत नोंद केली:
जोडाक्षर आता एका जागी राहतं.
खाली दुसरी, कारण लपवून काय होणार:
निवडून उचललं तर विळा अजूनही मागे सुटतो.

सकाळी शालिकभाऊ बसले.
चष्मा खाली घेतला. वऱ्हाड समोर, धडधाकट.
त्यांनी वाचलं की नाही, कळलं नाही.
पडद्याच्या जवळ गेले, अजून जवळ.
'कालपर्यंत हा डोळा मारे.
आज काहून टक लावून पाहून रायला?'

कर्सर.
तपासताना मी त्याची लुकलुक बंद केली होती,
चालू करायची राहिली.

फाइल उघडली, एक शब्द बदलला.
'हां,' म्हणाले, 'आता जिवंत आहे,'
आणि पहिल्या गाडीला हात केला.